९.९९ डॉलरचा धसका

ई-पुस्तक इतकं महाग का, असं विचारणाऱ्याच्या डोक्यात कागद, छपाई, बांधणी असते. तो खर्च वाचतोच. पण बड्या प्रकाशकांनी ई-पुस्तकाच्या किमतीसाठी जे भांडण केलं, ते छापखान्याच्या हिशेबावरून नव्हतं. छापील पुस्तकाचा भाव पडू नये, यासाठी होतं.

नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेत किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं आणि गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला विकायला काढली. व्यवहार तेव्हा घाऊक पद्धतीचा होता. हार्डकव्हरवर २६ डॉलर किंमत छापलेली असेल, तर साधारण त्याच्या निम्मे, म्हणजे १३ डॉलर, ई-प्रतीमागेही प्रकाशकाला मिळत. वरचे तीन डॉलर ॲमेझॉन पदरचे घाली. प्रकाशकाचं एका पैचं नुकसान नव्हतं, तरी त्याची झोप उडाली. नवं पुस्तक दहा डॉलरला मिळतं हे वाचकाच्या अंगवळणी पडलं, की २६ डॉलरच्या हार्डकव्हरला हात कोण लावणार? २००९ च्या अखेरीस काहींनी ई-आवृत्ती उशिरा काढायचंही ठरवलं.

२०१० मध्ये आयपॅडबरोबर ॲपलने एजन्सी पद्धत पुढे केली: किंमत प्रकाशकाने ठरवायची, विक्रेत्याने ३० टक्के घ्यायचे. नवी पुस्तकं १२.९९ ते १४.९९ डॉलरवर गेली. आता हिशेब करा. १२.९९ मधून प्रकाशकाच्या हाती जेमतेम नऊ डॉलर पडतात. म्हणजे प्रतीमागे चारेक डॉलरवर पाणी सोडून त्यांनी किंमत चढवून घेतली! धसका किती खोल होता, ते याहून वेगळं सांगायला नको. मॅकमिलन या बड्या प्रकाशनसंस्थेने ॲमेझॉनकडे हाच आग्रह धरला, तेव्हा ॲमेझॉनने त्यांच्या छापील पुस्तकांचीसुद्धा विक्री थांबवली. मात्र काही दिवसांत नमतंही घेतलं.

एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने ॲपल आणि पाच प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल २०१३ मध्ये हरली, सवलती परत आल्या. पण २०१४-१५ च्या नव्या करारांनी किंमत पुन्हा प्रकाशकांच्या हाती गेली आणि बड्या प्रकाशकांच्या ई-पुस्तकांचा खप उतरला. छापील पुस्तकावर सूट द्यायला विक्रेता मोकळाच होता, त्यामुळे कधी कधी कागदी प्रतच स्वस्त पडे. अशा ई-पुस्तकाच्या किमतीखाली ॲमेझॉन आवर्जून एक ओळ टाकी: ही किंमत प्रकाशकाने ठरवली आहे.