गर्भाशयमुखातल्या दुर्मीळ साध्या गाठींचं निदान

गर्भाशयमुखात कधीतरीच सापडणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठी नेमक्या कसल्या आहेत ते ओळखणं, असा हा विषय. पॉलिप आणि नाबोथियन सिस्ट (तोंड बंद होऊन स्रावाने फुगलेली ग्रंथी) यात धरत नाहीत, त्या नेहमीच्याच. दुर्मीळमध्ये येतात ते ग्रंथी आणि स्नायू मिळून झालेला अ‍ॅडिनोमायोमा, रक्तवाहिन्यांचा हिमँजिओमा, मज्जातंतूच्या आवरणातला श्वानोमा, चरबीचा लायपोमा, रंगद्रव्याच्या पेशींचा निळसर ब्लू नीव्हस वगैरे. फायब्रॉइड, म्हणजे स्नायूची साधी गाठ, गर्भाशयात अगदी कॉमन, पण मुखात तो क्वचितच होतो.

लक्षणांवरून फारसं काही कळत नाही. संबंधानंतर रक्त जाणं, पांढरं जाणं, ओटीपोटात जडपणा, हे सगळं कॅन्सरमध्येही होतं, आणि बऱ्याच जणींना तर काहीच त्रास नसतो. फायब्रॉइड मोठा झाला की मूत्राशयावर दाब येऊन सारखी लघवी लागते किंवा उलट तुंबतेच.

पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणून गाठ नाही असं समजू नये, कारण त्यात वरवरच्याच पेशी खरवडून येतात आणि यातल्या बऱ्याच गाठी अस्तराच्या खाली असतात. कॉल्पोस्कोपीचंही, म्हणजे भिंगातून मुख बघण्याचंही, थोडंफार तसंच. सोनोग्राफीत गाठ किती मोठी आणि घट्ट आहे की पाण्याची ते दिसतं. एमआरआयचा खरा उपयोग गाठ मुखातूनच उगवलीय की गर्भाशयातला फायब्रॉइड देठाने खाली लोंबतोय हे बघायला, कारण तपासताना दोन्ही सारखेच वाटू शकतात आणि ऑपरेशन मात्र वेगळं करावं लागतं. मूत्रनलिका (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी) बाजूला सरकलीय का तेही आधी बघून ठेवलेलं बरं.

शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचा. पण हिमँजिओमाची शंका असेल तर बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) जपूनच, रक्तस्राव जोरात होऊ शकतो. छोटा तुकडा पुष्कळदा पुरत नाही, अख्खी गाठ काढूनच तपासावी लागते. अ‍ॅडिनोमायोमाचं उदाहरण घ्या, त्यातल्या ग्रंथी अ‍ॅडिनोमा मॅलिग्नम नावाच्या फसव्या कॅन्सरसारख्या दिसतात, तो कॅन्सर इतका सभ्य दिसतो की गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो, मग गाठीची कड स्पष्ट आहे का की ग्रंथी आजूबाजूला घुसल्यात हे बघावं लागतं, आणि कड तुकड्यात आलीच नसेल तर बघणार काय? फायब्रॉइडमध्ये पेशींचं विभाजन, बेढबपणा आणि मेलेला भाग, तिन्ही तपासून सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर, नाही ना याची खात्री करतात.

तरीही अडलं तर इम्युनो स्टेन, म्हणजे पेशींतलं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी. डेस्मिन स्नायूकडे बोट दाखवतं, एस-१०० मज्जातंतूकडे, सीडी३१ रक्तवाहिन्यांकडे. ब्लू नीव्हसमध्येही एस-१०० पॉझिटिव्ह येतं, म्हणून एकट्या स्टेनवर विसंबत नाहीत.

लहान मुलींमधला म्युलेरियन पॅपिलोमा (कॅन्सर नसलेली, बोटांसारखे फाटे असलेली गाठ) हे प्रकरण वेगळं. योनीतून रक्त येतं, मोठ्यांसारखी तपासणी करता येत नाही, म्हणून भूल देऊन बारीक कॅमेऱ्याने बघतात आणि तुकडा घेतात. तिथे पहिली धास्ती रॅब्डोमायोसार्कोमा या मुलांमधल्या स्नायूच्या कॅन्सरची असते, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत कोणी ठाम बोलत नाही.