कळी आदल्या उन्हाळ्याचीच असते

गावाकडच्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत मी कात्री घेऊन लायलॅकचं झुडूप असं मस्त गोल कापलं की स्वतःवरच खूश झालो, आणि मग वसंत आला तेव्हा शेजाऱ्यांच्या कुंपणावर जांभळे घोस अन् आपल्याकडे नुसती पानं. लायलॅक पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतो, त्यामुळे छाटायचं तर फुलं संपल्या संपल्या, नंतर हात लावायचा नाही, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

खरं वाटत नसेल तर ऐन थंडीत सफरचंदाची एक टपोरी कळी ब्लेडने उभी चिरून भिंगाखाली बघा. बाहेर तपकिरी खवले, आत मऊ लव, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याहून लहान फुलं दाटीवाटीने बसलेली. सगळा माल रेडी.

मग थंडीत मध्येच चार दिवस ऊन पडलं तर ती उघडत का नाहीत? कारण झाड थंडी मोजत असतं. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना ७ अंशांखालचे साधारण ८०० ते १००० तास लागतात, काहींना त्याहून बरेच कमी. बर्च या थंड प्रदेशातल्या झाडाच्या कळीत तर पेशींना जोडणाऱ्या बारीक वाटा कॅलोज नावाच्या पदार्थाने बुजलेल्या असतात, वाढीचा निरोप पुढे जातच नाही, आणि पुरेशी थंडी खाल्ली की ही बुचं निघतात. घरी बघायचं असेल तर थंडीच्या सुरुवातीला फॉर्सिथियाची (पिवळ्या फुलांचं झुडूप) एक फांदी पाण्यात ठेवा, ढिम्म हलणार नाही, पण थंडी सरत आल्यावर आणलेली फांदी एक-दोन आठवड्यांत पिवळीधमक होते.

हिशोब पूर्ण झाला की मात्र फक्त ऊब हवी असते, आणि गोची तिथेच होते. झोपलेली कळी उणे २० सुद्धा काढते, पण उमललेल्या फुलाला उणे २ लाच फटका बसायला लागतो आणि उणे ४ ला जवळपास सगळीच जातात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) पाकळ्या सकाळी पांढऱ्याशुभ्रच दिसतात, जवळ जाऊन बघावं तर मधला स्त्रीकेसर काळा पडलेला, म्हणजे फळ गेलंच. बीचचं झाड जास्त सावध, दिवस किती लांबला हेही ते बघतं. पक्षीही दिवसच बघतात आणि तेही नुसत्या डोळ्यांनी नाही, कवटीतून झिरपणारा उजेड त्यांच्या मेंदूतल्या पेशींना थेट कळतो, त्यावरून हार्मोन वाढतात आणि पहाटेचा कलकलाट सुरू होतो.

माझी सगळ्यात आवडती मात्र बंबलबीची (गुबगुबीत, केसाळ रानमाशी) राणी, अख्खी थंडी मातीत एकटीने काढलेली. गार सकाळी ती फांदीवर नुसती बसलेली दिसते, पंख हलत नाहीत पण अंग थरथरतंय, कारण उडायचे स्नायू जागच्या जागी चालवून ती छाती तीसेक अंशांपर्यंत तापवत असते, आणि मधमाश्या अजून पोळ्यातच असतात तोवर ही सफरचंदाच्या पहिल्या फुलात डोकं खुपसून मोकळी.