नॉर्वेची लाकडी चर्च कुजून गेली नाहीत

नॉर्वेतील मध्ययुगीन लाकडी ‘स्टाव्ह’ चर्चपैकी (उभ्या लाकडी खांबांवर उभारलेल्या चर्चपैकी) आज 28च उरली आहेत. बाकीची थंडी-पावसात कुजली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकापुरते तरी हे खरे नाही.

या चर्चचे खांब जमिनीत पुरलेले नसत. ते दगडी पायावरच्या जाड तुळयांवर उभे असत, आणि लाकडाला वेळोवेळी डांबर फासले जाई. म्हणूनच बाराव्या शतकातले बोर्गुंडचे स्टाव्ह चर्च आजही ताठ उभे आहे.

खरे कारण जागेचे. लोकसंख्या वाढत होती आणि 1851च्या कायद्याने चर्चमध्ये पॅरिशमधल्या (त्या चर्चच्या हद्दीतल्या) किमान तीन-दशांश लोकांची सोय असणे बंधनकारक केले. अंधारी, अरुंद जुनी चर्च पाडून मोठ्या खिडक्यांची, प्रशस्त लाकडी चर्च उभी राहिली. त्यासाठी वास्तुविशारद लिन्स्टोव्ह यांचे नमुना-आराखडे आधीपासूनच उपलब्ध होते; वास्तुविशारद याकोब विल्हेल्म नोर्दान यांनी तर अशी शंभराच्या आसपास चर्च आखली. या साध्या, नेटक्या इमारतींना दुय्यम समजणे मला अन्यायाचे वाटते.

बोर्गुंड वाचले, कारण 1868मध्ये नवे चर्च शेजारी बांधले गेले आणि 1877मध्ये जुने चर्च वारसा-संस्थेने विकत घेतले.