युजर खाती आणि गटांची स्वयंचलित उभारणी : पार्श्वभूमी

संगणकावर नव्या वापरकर्त्याचे खाते उघडणे हे बाहेरून एकच काम दिसते. आत मात्र नाव आणि क्रमांक ठरवणे, पासवर्डची नोंद करणे, गट नेमणे, होम डिरेक्टरी (वापरकर्त्याच्या फाइल ठेवण्याची जागा) तयार करून तिची मालकी त्या क्रमांकाकडे देणे अशा अनेक पायऱ्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. यांतली एखादी राहून गेली तर खाते अर्धवट राहते, आणि असे खाते मुळीच नसलेल्या खात्यापेक्षा अधिक त्रास देते, कारण ते तयार आहे असे सर्वांना वाटत राहते. आज पपेट किंवा अ‍ॅन्सिबलसारख्या, अनेक यंत्रांची मांडणी स्वयंचलितपणे करणाऱ्या साधनांत हे सारे दोन-चार ओळींत लिहिता येते. त्या ओळींना आजचे रूप का आले हे समजण्यासाठी एक प्रश्न विचारावा लागतो : खात्यांची नोंद कोणी, कोणत्या मार्गाने लिहायची?

हा प्रश्न युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्याही आधीचा आहे. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली सीटीएसएस ही प्रणाली १९६१मध्ये प्रथम दाखवण्यात आली, आणि एकाच संगणकावर अनेकांना स्वतंत्र खाती व पासवर्ड देणाऱ्या सुरुवातीच्या प्रणालींमध्ये तिची गणना होते. त्याच दशकात तिथे एक प्रसंग घडला. एक जण पासवर्डची फाइल आणि दुसरा सर्वांना दिसणारा दैनंदिन संदेश एकाच वेळी संपादित करत होता. संपादकाच्या तात्पुरत्या फाइलचे नाव दोघांसाठी एकच असल्यामुळे मजकुरांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात सर्वांचे पासवर्ड आले. खात्यांच्या फाइलवर दोघांनी एकाच वेळी लिहू नये, हा धडा पुढच्या प्रत्येक साधनाला गिरवावा लागला.

युनिक्सने नोंदीची रचना अतिशय साधी ठेवली. पासवर्ड फाइलमध्ये एका खात्याची एक ओळ आणि त्या ओळीत सात रकाने, तर गटांच्या फाइलमध्ये चार. त्या सातांपैकी पाचव्या रकान्याला आजही गेकॉस म्हणतात. बेल लॅब्जमधून छपाईची कामे जीकॉस प्रणालीच्या यंत्राकडे पाठवताना लागणारी माहिती त्यात ठेवली जात असे; ते यंत्र गेले, रकाना राहिला आणि त्यात पूर्ण नाव लिहिले जाऊ लागले. खरे महत्त्व मात्र क्रमांकाचे आहे. फाइलची मालकी नावाने नव्हे, तर क्रमांकाने साठवली जाते. म्हणून काढून टाकलेल्या खात्याचा क्रमांक नव्या व्यक्तीला मिळाला, तर जुन्या व्यक्तीच्या मागे राहिलेल्या फाइलही तिच्या होतात.

सुरुवातीला प्रशासक ही फाइल हातानेच संपादित करत. बर्कलीच्या युनिक्समध्ये त्यासाठी व्हीआयपीडब्ल्यू ही आज्ञा आली, जी संपादनापूर्वी फाइलला लॉक लावते, म्हणजे दोघांना ती एकाच वेळी बदलू देत नाही. पण गुंतागुंत वाढतच गेली. १९८३च्या ४.२ बीएसडीने एका वापरकर्त्याला एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची मुभा दिली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९च्या लेखात पासवर्ड ओळखून काढण्याच्या पद्धतींची चर्चा केली होती, आणि सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये पासवर्डचे कूटरूप ठेवणे धोक्याचे आहे हे संगणक वेगवान होत गेले तसे अधिकाधिक स्पष्ट झाले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते वेगळ्या, संरक्षित शॅडो फाइलमध्ये हलवण्याची पद्धत रुजली. लिनक्सवर आज वापरात असलेला शॅडो संच मुळात जूली हॉ यांनी त्याच काळात लिहिला. आता एका खात्यासाठी किमान तीन फाइल एकमेकींशी सुसंगत ठेवायच्या होत्या. युजरअ‍ॅड, ग्रुपअ‍ॅड आणि युजरमॉड या (अनुक्रमे खाते उघडणाऱ्या, गट तयार करणाऱ्या आणि खाते बदलणाऱ्या) आज्ञांचे खरे मोल इथे आहे : त्या या फाइल एकमेकींशी जुळत्या ठेवतात.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत निर्णायक गोष्ट अशी, की वाचण्याचे प्रमाणीकरण झाले, लिहिण्याचे झालेच नाही. नावावरून खात्याची किंवा गटाची नोंद शोधणारी फंक्शन पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक मानकात आहेत, पर्लमध्ये ती भाषेतच अंतर्भूत आहेत आणि पायथनमध्ये पीडब्ल्यूडी व जीआरपी या मॉड्यूलांतून मिळतात. मात्र ही मॉड्यूले केवळ वाचतात. नवे खाते लिहिण्यासाठी लिनक्सवर युजरअ‍ॅड, फ्रीबीएसडीवर पीडब्ल्यू, एआयएक्सवर एमकेयुजर, तर मॅकओएसवर डीएससीएल अशा निरनिराळ्या आज्ञा आहेत आणि त्यांचे पर्यायही जुळत नाहीत. त्यामुळे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरत : फाइल स्वतः लिहायची आणि लॉकची जबाबदारी घ्यायची, किंवा आज्ञा चालवून तिच्या परतीच्या कोडवरून (यशापयश सांगणाऱ्या आकड्यावरून) काय घडले ते ओळखायचे. डेबियनची अ‍ॅडयुजर ही पर्लमधली स्क्रिप्ट दुसऱ्या मार्गाने जाते. रेड हॅटच्या लिबयुजरने लिहिण्यासाठीही लायब्ररी दिली, पायथनमधून वापरता येणारी आणि स्थानिक फाइलबरोबर एलडॅप, म्हणजे नेटवर्कवरची मध्यवर्ती खातेसूचीही हाताळणारी, पण ती सर्वत्र पसरली नाही.

दरम्यान यंत्रांची संख्या वाढत होती. सनने १९८०च्या दशकात यलो पेजेस, म्हणजे पुढचे एनआयएस, आणून खात्यांची यादी मध्यवर्ती केली; एमआयटीच्या अथीना प्रकल्पातील मोइरा ही सेवा मध्यवर्ती डेटाबेसमधून इतर सर्व्हरच्या फाइल तयार करून देई. मार्क बर्जेस यांनी १९९३मध्ये ऑस्लो येथे सीएफएंजिन हे यंत्रांची मांडणी करणारे साधन सुरू केले आणि विचाराची दिशाच बदलली : पायऱ्या सांगायच्या नाहीत, अपेक्षित स्थिती सांगायची. २००५चे पपेट आणि २०१२चे अ‍ॅन्सिबल याच विचारावर उभे आहेत. खाते आधीच असेल तर काही करायचे नाही, शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम) वेगळे असेल तर तेवढेच बदलायचे, म्हणून तीच स्क्रिप्ट कितीही वेळा चालवता येते. पपेटने प्रणालींमधला फरक प्रोव्हायडर नावाच्या थरात बंदिस्त केला. विंडोजची वाट वेगळी होती; तिथे नेट युजर ही आज्ञा, विंडोज २०००बरोबर आलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची मध्यवर्ती सूची) आणि पुढे पॉवरशेल (आज्ञा व स्क्रिप्ट चालवण्याचे साधन) यांच्यामुळे लिहिण्याचा मार्ग एकाच कंपनीने ठरवला.

गटांच्या बाबतीत मात्र साधनांचे अजून एकमत नाही, आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने इथे विशेष जपायला हवे. युजरमॉडला गटांची यादी देताना जोडण्याचा पर्याय विसरला, तर यादीत नसलेल्या इतर पूरक (मुख्य गटाखेरीजच्या) गटांतून वापरकर्ता बाहेर पडतो. अ‍ॅन्सिबलचे मूळ वर्तन तसेच आहे : दिलेली यादी अंतिम. पपेट उलट, सांगितले नसेल तर दिलेल्या गटांत केवळ भर घालते आणि जुने सदस्यत्व राहू देते. एका साधनाकडून दुसऱ्याकडे जाताना हा फरक लक्षात आला नाही, तर कोणाचा तरी प्रवेश अकस्मात बंद होतो किंवा काढायला हवा असलेला प्रवेश टिकून राहतो. खाते हटवतानाही हीच सावधगिरी लागते. युजरडेल स्वतंत्र सूचनेशिवाय होम डिरेक्टरी काढत नाही, आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवांची खाती घोषणेवरून तयार करणारे लिनक्सवरील सिस्टमडी-सिसयुजर्स ती काढून टाकण्याचे काम अंगावर घेतच नाही, कारण मोकळा झालेला क्रमांक पुन्हा दिला गेला तर मागे राहिलेल्या फाइल नव्या मालकाच्या हाती जातात.