थर्मोस्टॅट बिघडला असे ठरवण्यापूर्वी: सरडे आणि सापांच्या पेटीतील उष्णतेविषयी

आदरणीय ग्राहक,

दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की थर्मोस्टॅट (पेटीतील उष्णता ठरावीक तापमानाला चालू-बंद करणारे यंत्र) परत घेऊन येणाऱ्या ग्राहकांची आमच्या दुकानात वर्दळ वाढते. लेपर्ड गेको (पाळीव सरडा) खात नाही, बॉल पायथनने (पाळीव अजगराने) गिळलेले भक्ष्य उलटून टाकले, किंवा पेटीचा तळ हात ठेववत नाही इतका तापला, अशा तक्रारी असतात आणि यंत्र सदोष असल्याचा निर्णय घरीच झालेला असतो. आम्ही ते यंत्र ग्राहकांसमोरच, सेन्सर कोमट पाण्यात धरून तपासतो. बहुतेक वेळा ते अगदी व्यवस्थित चालू-बंद होते, कारण दोष यंत्रात नसून सेन्सरच्या जागेत असतो.

थर्मोस्टॅटला संपूर्ण पेटीचे तापमान कळत नाही. वायरच्या टोकाला असलेल्या सेन्सरला जे जाणवते तेवढेच कळते. हा सेन्सर थंड बाजूला सरकला, पाण्याच्या वाटीत पडला किंवा प्राण्याने उकरून वर काढला, तर डिसेंबरच्या रात्री तो 20-22 अंशच दाखवत राहतो आणि खालची हीट मॅट (पेटीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) तापतच राहते. पोटाखालची जागा चटका देण्याइतकी तापली तरी हे प्राणी अनेकदा तिथून हलत नाहीत, त्यामुळे त्यांची कातडी भाजते. उलट सेन्सर उष्णता देणाऱ्या बल्बच्या अगदी जवळ टांगला, तर बल्ब लवकर बंद होतो आणि बसण्याची जागा पुरेशी तापत नाही. बाहेरून उष्णता मिळाल्याशिवाय या प्राण्यांचे पचन होत नाही, म्हणून अन्न पोटात कुजते.

मॅट असेल तर सेन्सर मॅटच्या बरोबर वर, पेटीच्या तळाला बसवावा. बल्ब असेल तर तो बल्बखालच्या बैठकीच्या उंचीला, परंतु प्राण्याला ओढता येणार नाही असा बसवावा. मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनने तो पक्का करून, सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत प्राण्याला बाहेर ठेवावे. पेटीच्या आत चिकटपट्टी कृपया कधीही वापरू नये. ती अंगाला चिकटते आणि सोडवताना कातडी फाटते.

यंत्रावर लावलेला आकडा म्हणजे बैठकीचे तापमान नव्हे. ते वेगळ्या डिजिटल थर्मामीटरने त्याच जागी मोजून यंत्रावरील आकडा कमी-जास्त करावा लागतो. काचेला चिकटवायचे गोल थर्मामीटर स्वस्त असते, पण ते काचेजवळचेच तापमान सांगते, म्हणून आम्ही ते ठेवत नाही. उष्ण बाजूच्या तळाला लेपर्ड गेकोसाठी 32 ते 34 आणि बॉल पायथनसाठी 31 ते 33 अंश असावेत; बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या ऊन घेण्याच्या जागी 38 ते 42 अंश लागतात. तिघांचीही थंड बाजू साधारण 24 ते 27 अंशांची असावी. रात्री वीज जात असेल, तर काचेच्या तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल लावल्याने आतील उष्णता अधिक वेळ टिकते.

खानदेशात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, आणि थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरील खोलीत थंड बाजूच उरत नाही. तेव्हा पेटी खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कूलर असलेल्या खोलीत हलवावी आणि दुपारी उष्णतेचा बल्ब पूर्ण बंद ठेवावा.

हीट मॅट आम्ही थर्मोस्टॅटशिवाय विकत नाही. यामुळे बिल वाढते अशी काही ग्राहकांची नाराजी असते. तथापि नियंत्रण नसलेली मॅट किती तापेल याची खात्री आम्हांला देता येत नाही, आणि भाजलेल्या प्राण्याच्या उपचाराचा खर्च थर्मोस्टॅटच्या किमतीहून सहज अधिक होतो. थर्मोस्टॅट परत आणण्यापूर्वी पेटीतील सेन्सरच्या जागेचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन यावे, म्हणजे आपली दुसरी फेरी वाचेल. आमच्याकडून घेतलेल्या संचातील सेन्सर बसवून देण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.