मोठे कुटुंब आणि लोकसंख्येचा वाद (बेळगाव सीमाभाग)

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत मुले किती असावीत हा वाद बहुतेक वेळा शेताच्या बांधावरून निघतो. बापाचे चार एकर चार भावांत वाटले की एकेक एकर वाट्याला येतो. त्यांनाही चार-चार मुलगे झाले, तर नातवाच्या उताऱ्यावर दहा गुंठे उरतात. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात ही इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ साली मांडलेली भीती इथे वाटणीपत्रात वाचता येते.

मग जुन्या पिढीत सात-आठ मुले का होत? त्या पिढीची नावेच ते सांगतात: दगडू, धोंडू, केरबा. आधीची मुले दगावली की नव्या बाळाला दगडाचे, केराचे नाव ठेवत, म्हणजे मृत्यू त्याच्याकडे वळून बघणार नाही. जगतील किती याची खात्री नसे. शिवाय भाताच्या लावणीला, तंबाखूच्या रानात, घरी विड्या वळायला हात लागत. गरिबाला अडाणी ठरवून मोठ्या कुटुंबाचा सारा दोष त्याच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातच होते. भारत सरकारचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा. त्याचे चिन्ह, लाल त्रिकोण, भिंतींवर आले ते त्यानंतर. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याच सक्तीने. त्या धसक्याने पुरुष मागे सरले आणि ‘ऑपरेशन’ बायकांच्याच वाट्याला आले. बाळंतपण तिचे, टाकेही तिचेच.

आज कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे बाईमागे सरासरी १.७ मुले आहेत (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, २०१९-२१). लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतात. हे प्रमाण उतरत असतानाही बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात सुमारे साडेपाच लाखांनी वाढून ४७.८ लाखांवर गेली. आधी जन्मलेली मोठी पिढी संसाराला लागली की मुले कमी होऊनही आकडा काही वर्षे चढतच राहतो. वाढ दिसली की ‘लोक ऐकत नाहीत’ म्हणणारे नेमके हेच विसरतात.

कायदा मात्र सीमेवर बदलतो. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. कर्नाटकात अशी अट नाही. किती मुले व्हावीत हे जिच्या हातात क्वचितच असते, तिलाही ही अट तशीच लागू होते. दोन सख्ख्या बहिणी, एक महाराष्ट्रातल्या कागलकडे दिलेली, दुसरी निपाणीकडच्या खेड्यात. दोघींना आज तिसरे मूल झाले, तर पंचायतीला उभे राहण्याचा हक्क एकीलाच उरतो.