‘सूज उतरली की दोन दिसणं थांबेल’: मुलांच्या बाबतीत हे चूक

घोडबंदर रोडवर सायकलवरून पोरगं पडलं, डोळ्याखाली मार बसला, एकाचे दोन दिसू लागले की ठाण्यात हमखास ऐकू येतं, ‘सूज उतरू दे.’ मोठ्यांत हे बरेचदा खरं ठरतं. एक-दोन आठवडे वाट पाहता येते. मुलांचं हाड मात्र लवचिक. मार बसला की डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडून झडपेसारखा उघडून मिटतो आणि डोळा फिरवणारा स्नायू त्यात चिमटतो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, पण वर बघवत नाही, उलट्या होतात, नाडी मंदावते (म्हणून नुसता डोक्याचा मार समजला जातो). सीटी स्कॅन लगेच करावा. स्नायू २४ ते ४८ तासांत सोडवला नाही तर तो आखडून दोन दिसण्याचा दोष कायम राहू शकतो. तोवर नाक शिंकरू नये, हवा खोबणीत शिरते.